अंगणातलं उत्तर

गावाचं नाव मी सांगत नाही. कारंजा तालुक्यात आहे, धनजच्या अंगाचं आहे, एवढं पुरे. सात वर्षं सर्वेचं काम केलं, नाव न सांगायची सवय हाडात मुरली. बाकी मात्र सारं सांगते, झाकून ठेवावं असं आता राह्यलंच काय?

मी सपना. कारंज्यात मार्केट यार्डाच्या मागं, बी-बियाण्याच्या दुकानावर दोन खोल्या होत्या, तिथं आमची सर्वे कंपनी. नाव 'गावमन'. मालक उत्कर्ष सर. पुण्याले शिकून आले आन नोकरी सोडून परत कारंज्यात येऊन बसले, म्हणून अर्धा बाजार त्याईले बयाड, म्हणजे येडे, म्हणे. मी त्याईच्याकडं फील्डची मुख्य. मुख्य म्हणजे काय, तं जिथं एसटी जात नाही तिथं पायी जायचं, कुत्रे अंगावर घ्यायचे, आन बायाईले विचारायचं की बाई, तुमाले काय वाटते. ज्याईले जन्मात कोणी काही विचारलं नाही, त्याईले विचारायचं. मले हे काम आवडे, खोटं काहून बोलू?

सराईनं एक नवी पद्धत काढली होती. फॉर्ममधी चौसष्ट सवाल, त्यातला एक दोनदा विचारायचा. पहिल्यांदा अंगणात, सासू, नवरा, शेजारी सारे समोर असताना. मंग पाणी मागायच्या निमित्तानं घरात जायचं, दार लोटायचं, आन तोच सवाल पुन्हा. सवाल साधा होता. 'गावात असं कोणी आहे का, ज्याच्या धाकानं तुमी मनातलं बोलत नाही?' अंगणात शंभरातल्या आठ बाया 'हो' म्हणल्या. घरात एकसष्ट.

आकडे पाहून सर खुर्चीवरून उठून उभेच राह्यले. "सपना, हे दिल्लीले पाठवायचं." लोकाईच्या मताचा अभ्यास करणाऱ्या कंपन्याईची आन प्रोफेसर लोकाईची दरवर्षी एक परिषद भरते. तिथं आमचा निबंध घेतला. बारा मिनिटं मिळाली. दिल्लीले जायचं नव्हतं, इथूनच कॉम्प्युटरसमोर बसून बोलायचं. तिकडं हॉलच्या पडद्यावर आमी दिसणार, आन सारं यूट्यूबवर थेट. सरनं नवा शर्ट घेतला. मी बहिणीच्या लग्नातली निळी साडी काढली.

आन सकाळी आठ वाजता, चहा व्हायच्या आधी, मी फोनवर स्टेटस ठेवलं. 'आज अकरा वाजता आमची कारंज्याची टीम दिल्लीच्या परिषदेत. नक्की पाहा.' खाली लिंक, त्याच्या खाली हात जोडलेले.

इथं माही चूक सांगावी लागते. आमच्या धंद्यात पक्का नियम आहे, ज्याईले सवाल विचारले त्याईचा नंबर आपल्या फोनमधी ठेवायचा नाही. टॅबमधी भरायचा आन विसरायचा. पण त्या गावात टॅबले रेंज नव्हती, तं मी नंबर माह्याच फोनमधी घेतले. ध-९, ध-१७ अशा नावानं. पुसणारच होती. पण मंग बाया फोन करायले लागल्या. ताई, आधारचा अंगठा जुळत नाही. ताई, पेन्शन थांबली, कोणाले भेटू? त्या नंबर पुसवेनात मले. स्टेटस मी ठेवलं बहिणीसाठी आन मैत्रिणीईसाठी, आन दिसलं साऱ्या गावाले. सात वर्षं काम केलेल्या बाईच्या हे ध्यानात येऊ नये? नाही आलं. आनंदात माणूस आंधळा होते.

साडेदहाले सर म्हणले, "ये, एकदा पाहून घे." मी त्याईच्या बाजूले बसली. आठ मिनिटं सर बोलणार, इंग्रजीत. मंग दोन मिनिटं मी, मराठीत, फील्डचा अनुभव. आन माह्या नंतर सरनं एक नवीन गोष्ट टाकली होती, मले न सांगता. पडद्यावर नुसती काळी पाटी आन एक आवाज.

"आयक ना बाई," आवाज म्हणे. "माह्या मालकाले जेथी जाळलं, तेथी आता सोयाबीन आहे. आन त्या सोयाबीनचं निंदण मीच करतो, बाई. माह्याच हातानं."

आवाज मी लगेच ओळखला. चतुराबाई.

साठीच्या पुढची बाई, नवरा वारलेला, एकटी राहणारी, आमच्याच बौद्ध समाजाची. ऑगस्टमधी मी तिच्या घरी गेली होती. अंगणात म्हणली, "आमच्या गावासारखं गाव नाही, पोरी, कोनाचा धाक नाही आन काही नाही." घरात गेली, दार लोटलं, चहा ठेवला, आन मंग बोलली. नाल्याकाठी त्याईच्या समाजाचा मसणवटा. त्याले लागून माणिकरावाचं वावर. माणिकराव म्हणजे गावातला सगळ्यात मोठा वावरवाला. दोन वर्षांत त्यानं धुरा, म्हणजे वावराचा बांध, सरकवत सरकवत पुरा मसणवटा नांगरला, पेरला. आता कोणी मेलं तं रस्त्याच्या कडेले जाळतात. बोलत कोणीच नाही, कारण साऱ्या मोहल्ल्याची मजुरी त्याच्याच वावरात. सांगून झाल्यावर तिनं माहा हात धरला. "हे कोठी सांगशीन नाही ना?" मी म्हणलं, "तुमचं नाव कुठंच येणार नाही, चतुराबाई. माहा शब्द आहे." पण टॅब रेंज नसली तरी सारं रेकॉर्ड करते. सर्वेवालीनं फॉर्म खरंच भरला का घरी बसून भरला, हे तपासायले.

"सर, हे काहून टाकलं?"

"माणिकरावाचं नाव आलं तिथं टूंऽ करून टाकलं. गावाचं नाव काढलं. काय राह्यलं?"

"आवाज राह्यला ना सर. गावात कोणाच्याही लग्नात गाणं तीच म्हणते. लहान पोरगंही ओळखीन."

"अगं, दिल्लीच्या हॉलमधी कोण ओळखते चतुराबाईले? आकडे ऐकून कोणी जागचं हलत नाही, सपना. हा आवाज ऐकून हलतील. आन फॉर्मवर अंगठा आहे तिचा. संशोधनासाठी वापर, असं लिहिलं आहे."

लिहिलं होतं खरं. मीच भरभर वाचून दाखवलं होतं, एसटी चुकू नये म्हणून.

दिल्लीत कोणी ओळखत नाही, हे मीही मानून घेतलं असतं. पण तेवढ्यात मले स्टेटस आठवलं. मी "पाणी पिऊन येते" म्हणून गॅलरीत गेली आन फोन उघडला. बावन्न लोकाईनं पाह्यलं होतं. खाली नावं. बहीण, मामेभाऊ, ध-३, ध-९, ध-१७, ध-२०. आन सगळ्यात वर ध-१. ध-१ म्हणजे सतीश, माणिकरावाचा पोरगा. कोणत्याही गावात शिरायचं तं पहिल्यांदा मोठ्या घरी सांगून शिरावं लागते, म्हणून पहिला नंबर त्याचाच. मी स्टेटस पुसून टाकलं. 

सराईले तेव्हाच सांगायले पाहिजे होतं. नाही सांगितलं. नंबर फोनमधी ठेवला म्हणून सरनं मागच्या वर्षी एका पोराले काढलं होतं, माह्यासमोर. मले वाटलं, पुसलं ना, झालं. पाह्यलं असन त्याईनं, पण सकाळच्या अकरा वाजता इंग्रजी भाषण पाहायले कोणाले वेळ आहे? सोंगणीचे, सोयाबीन कापायचे दिवस, सारं गाव वावरात असन. अशी मनाची समजूत घातली आन खुर्चीवर येऊन बसली.

अकरा दहाले आमचा नंबर आला. पडद्यावर दिल्लीच्या अध्यक्ष बाई दिसल्या, चष्मा, पांढरे केस, लय गोड बोलल्या. सर सुरू झाले. मी त्याईच्या बाजूले, कॅमेऱ्यात अर्धी. मांडीवर फोन होता, तो थरथरला. मी नजर खाली केली.

सतीशचा मेसेज. 'मॅडम, स्टेटस पाह्यलं. रात्री पाऊस आलता, सोंगणी बंद, सारे घरीच. ओसरीत मोठ्या टीव्हीवर लावलं. बाबा म्हणे, आपल्या गावाचं काम दिल्लीत दिसून राह्यलं, साऱ्याले बलाव. चतुराबाई तं पह्यल्या लाईनीत. तुमची लय तारीफ करते.'

खाली फोटो. लांब ओसरी, भिंतीवर टीव्ही, त्यात सरांचं तोंड आन बाजूले माहा निळा खांदा. सतरंजीवर बाया. पहिल्या ओळीत चतुराबाई, पदर नीट घेतलेला, हसत होती. तिच्या मागं खुर्चीवर पांढऱ्या बनियनमधी माणिकराव, हातात चहाचा कप. दोघाईच्या मधी हातभराचं अंतर नव्हतं.

अव माय!   सर बोलत होते, मले काही ऐकू येत नव्हतं. नुसतं दिसत होतं. काळी पाटी येईन, चतुराबाईचा आवाज साऱ्या ओसरीत घुमन, आन ती तिथंच बसली असन. तिच्या पाठीमागं तो.

टेबलावर कागद होता. मी त्याच्यावर लिहिलं, 'क्लिप नको. गाव पाहून राह्यलं.' कॅमेऱ्यात दिसू नये असा खालून सरकवला. सरनं बोलता बोलता नजर टाकली. त्याईले वाटलं मी घाबरली, नवखी आहे कॅमेऱ्याले. न थांबता त्याईनं खाली लिहिलं, 'नाव काढलं आहे. हस.' आन कागद उलटा करून ठेवला.

आता काय करू? वायर काढून फेकू? त्याचा उपयोग नव्हता. खेड्यातल्या लाईटीचा भरवसा नाही म्हणून परिषदवाल्याईनं सरांचं सारं भाषण, क्लिपसकट, आधीच रेकॉर्ड करून घेतलं होतं. आमचं बंद पडलं तं ते तिकडून चालवणार होते. चक्कर आल्याचं सोंग करू? तरी क्लिप वाजलीच असती. मी मांडीवरच सतीशले मेसेज टाकला. 'भाऊ, पुढचं बोअर आहे, बंद करून टाका आता.'

लगेच उत्तर आलं. 'असं कसं मॅडम! तुमी बोलल्याशिवाय कोणी उठत नाही. बाबानं पुन्हा चहा ठेवायले सांगतला.'

त्या पोराचा एकही शब्द वाईट नव्हता, आन प्रत्येक शब्दानं मले घाम फुटे. घड्याळात पाह्यलं, सरांचे तीन मिनिटं उरले होते. तीन मिनिटांत माणूस काय काय विचार करते! मले चतुराबाईचं घर दिसलं. तिच्या घरापासून पिठाच्या गिरणीपर्यंतचा रस्ता माणिकरावाच्या वाड्यावरून जाते. नळाची चावी त्याच्याच माणसाच्या हातात. पोरगा नाही, सून नाही. गावात आता कोणी कोणाले मारत नाही हो, कायद्याचा धाक आहे. पण एकट्या म्हाताऱ्या बाईले संपवायले मारावंच लागते का? आन हे सारं कोणामुळं? माह्या शब्दावर तिनं दार लोटलं होतं.

"आन आता आमच्या फील्डच्या प्रमुख, सपना," सर म्हणले, आन खुर्ची माह्याकडं सरकवली.

कॅमेऱ्याच्या वर हिरवा दिवा होता. मी त्याच्याकडं पाह्यलं. दिल्लीकडं नाही, मी त्या ओसरीकडं पाहून राह्यली होती.  पाठ केलेलं भाषण होतं, 'नमस्कार, ग्रामीण स्त्री जेव्हा' असं सुरू होणारं. ते मी नाही बोलली.

"नमस्कार. मी सपना. मले एक कबूल करायचं आहे. घरात विचारलेले सवाल मी विचारलेच नाहीत. ते फॉर्म मी गावाबाहेर लिंबाखाली बसून भरले. त्या गावातली एकही बाई मले कोणाच्या विरोधात एक शब्द बोलली नाही. आता जो आवाज तुमाले ऐकवणार आहेत, तो माह्या मावशीचा आहे. मीच तिले बोलायले लावलं. तो वाजवू नका."

आमच्या धंद्यात याच्यापेक्षा मोठं पाप नाही. चोर परवडला, लिंबाखालचा फॉर्म भरणारा नाही परवडत. सात वर्षांत मी एकही तसा फॉर्म भरला नव्हता. चव्वेचाळीस डिग्रीत फिरली, पाय सुजले, पण नाही भरला. आन साऱ्या देशासमोर तेच माह्या तोंडानं मी म्हणत होती.

सरांचा हात माऊसवरच राह्यला. पडद्याच्या खाली माह्या पाठ भाषणाच्या इंग्रजी ओळी आधीच लिहून पाठवलेल्या होत्या, त्याच्यात भलतंच चालू होतं, ग्रामीण स्त्री आन तिची हिंमत. पण हॉलमधी मराठी समजणारं कोणीतरी होतं, कारण अध्यक्ष बाईच्या कानाशी एक जण वाकला. त्याईचं हसू गेलं. हिंदीत म्हणल्या, "यह क्लिप मत चलाइए. हम यहीं रुकते हैं." मंग सराईले म्हणल्या की परिषद याची चौकशी करेल. आन पडदा बदलला. दुसरी कंपनी, दुसरा माणूस, टाय घातलेला.

क्लिप नाही वाजली. मले वाटलं जिंकली मी. मोठा श्वास घेतला, आन मंग सरांकडं पाह्यलं.

सर ओरडले असते तं बरं झालं असतं. ते नुसते बसून होते. "काहून, सपना?" एवढंच म्हणले. "तुह्या फॉर्मवर तं मी डोळे झाकून सही करत होतो." मी तोंड उघडणार, तेवढ्यात फोन वाजला. ध-१.

मी उचलला. सतीश नव्हता.

"आयक ना बाई," चतुराबाईचा आवाज. मागं टीव्हीचं इंग्रजी चालू होतं. फोन तिकडं स्पीकरवर होता, आन इकडं बाजूच्या सराईलेही सारं ऐकू येत होतं. "तू काहून खोटं बोलली?"

"चतुराबाई, तुमी घरी जा. मी मंग बोलते तुमच्याशी."

"घरी कायले जाऊ? अथी समदे तुले खोटारडी म्हनून राह्यले. माणिकराव म्हने, पाहा, शिकल्या-सवरल्या पोरी, लिंबाखाली बसून फारम भरतात. तू माह्या घरी नाही आलती का? माह्या हातचा चहा नाही पेली का?"

"हात जोडते, बोलू नका. काहीच बोलू नका."

"आन मावशी कोनती? कोनाचा आवाज होता तो? काय म्हने तो आवाज?"

"तुमी घरी जा," एवढंच मी पुन्हा म्हणलं. तिले समजलं. तिचा श्वास फोनमधी ऐकू आला, जोरजोरात.

"माहाच होता ना?"

मी फोन बंद करायले पाहिजे होता. अंगठा हललाच नाही.

"आयका, माणिकराव," ती म्हणली, आन आता ती माह्याशी बोलत नव्हती. आवाज लांबून आला, पण साफ आला. "पोरगी खोटी नाही. तिनं मले इचारलं आन मी सांगतलं. तुमी धुरा सरकवला. आमचा मसणवटा नांगरला. नाल्याकाठच्या सोयाबीनीखाली माहा मालक आहे. दोन साल झाले, तुमच्या वावरात वाकतो तवा मी पाय लावत नाही त्या जागेले, बाजूनं निंदतो. हे मी सांगतलं तिले. आता तुमाले सांगतलं."

 टीव्हीतला टायवाला एकटा बोलत होता.  मंग माणिकरावाचा आवाज आला, एकदम शांत.

"सतीश, टीव्ही बंद कर. फोन दे इकडं."

फोन कटला.

मी लावला, लागला नाही. पुन्हा लावला, स्विच ऑफ. सरनं सारं ऐकलं होतं. त्याईनं टेबलावरचा कागद सुलटा केला, माह्या ओळीवर बोट ठेवलं. "गाव पाहून राह्यलं होतं? खरंच?" मी मान हलवली. स्टेटसचं सांगितलं, नंबराचं सांगितलं, फोटो दाखवला. फोटोतल्या दोन तोंडाईकडं सर पाहत राह्यले. मंग गाडीची किल्ली उचलली. "चल," म्हणले.

पाऊण तासाचा रस्ता. डांबर संपलं की काळ्या मातीचा चिखल, गाडी घसरे, सर पाय टेकवत चालवत. दोन्ही अंगानं ओलं सोयाबीन उभं होतं, वावरात माणूस नाही. मी मागं बसून नुसती 'नको, नको' म्हणत होती, कोणाले म्हणत होती कोण जाणे. ओसरीचं दार लोटलं असन का माणिकरावानं? तिच्यासोबत कोणी आहे का? पोलिसाचा एक सौ बारा नंबर लावू का? लावून सांगू काय, की बाईनं खरं सांगितलं म्हणून भेव लागून राह्यलं? सरनं एकदाच विचारलं, "मारणार नाही ना तो?" मी म्हणलं, "मले माहीत नाही." आन ते खरंच मले माहीत नव्हतं. सगळ्या गावाईची मतं आमाले ठाऊक, आन एका माणसाचं मन ठाऊक नाही.

माणिकरावाची ओसरी रिकामी होती. टीव्ही बंद. सतरंजी अर्धी गुंडाळून तशीच पडलेली, चहाचे कप ओळीनं. सतीश फाटकाशी उभा होता. रोजचा हसरा पोरगा, पण वर पाहीना.

"चतुराबाई कुठं आहे?" मी ओरडलीच.

"घरी गेली. बाबानं हात सुद्धा नाही लावला तिले, मॅडम. तुमाले काय वाटलं?" मंग थांबून म्हणला, "बाबा एवढंच म्हणले, उद्यापासून त्या मोहल्ल्यातलं कोणी आपल्या वावरात पाय नाही ठेवणार. रिसोडकडून मजुराईची टोळी सांगतली सोंगणीले. फोन झाला त्याईचा."

चतुराबाईले नाही, साऱ्या मोहल्ल्याले. सोंगणीचे हेच पंधरा-वीस दिवस असतात, याच्यावर अर्धं वर्ष निघते. माणिकराव काही बयाड नव्हता. त्याले हात उचलायची गरज नव्हती, चतुराबाईच्या दारावर तिचेच लोक येणार होते.

मोहल्ल्यात शिरलो. ऑगस्टमधी याच गल्लीत बाया मले ओढून घरात नेत. आज एकेक दार बंद होत गेलं. विहाराच्या कट्ट्याजवळ एक बाई धुणं वाळत घालत होती. मी "जय भीम" म्हणलं. तिनं ओलं लुगडं तसंच दोरीवर टाकलं आन आत गेली. ध-१७ होती ती. पेन्शनसाठी मले चार फोन करणारी.

चतुराबाई घरात जमिनीवर बसली होती. पाठ भिंतीले, पाय लांब. आमाले पाहून उठली नाही. सर दाराशीच उभे राह्यले, चिखलाचे पाय घेऊन. मी तिच्यासमोर बसली आन रडायले लागली. "मी तुमच्यासाठी खोटं बोलली हो. माही नोकरी गेली, सरांचं नाव गेलं. तुमी गप्प बसल्या असत्या तं काहीच झालं नसतं."

"हे तुहे सायेब?" तिनं विचारलं. सरनं हात जोडले.

"तुमाले भेव नाही लागत?" मी म्हणलं.

"लागते ना. लय लागते." तिनं दोन्ही हात पुढं केले. कापत होते, बांगड्या वाजत होत्या. "घरी आलो तवापासून असेच आहेत. भाकर थापवत नाही. आता येतीन समदे दारावर, म्हनतीन बुढीनं आमचं पोट मारलं. खरंबी आहे त्याईचं." मंग हात मांडीवर ठेवून घेतले. "पन भेव माहं होतं, बाई. कवा बोलाचं, कोनापुढं बोलाचं, का नाहीच बोलाचं, ते मी पाह्यलं असतं. मोहल्ल्यातल्या चार बायाईले घेऊन बसलो असतो, इचारलं असतं, बोलू का म्हनून. या सायेबानं माहा आवाज दिल्लीले धाडला, मले इचारलं नाही. तू साऱ्या दुनियेले सांगतलं का मी बोललीच नाही, तेबी मले इचारलं नाही. तुह्या बोलन्यानं माहा मालक दुसऱ्यांदा मेला ना, पोरी. मंग मी कशी बसली असती गप?"

सरनं मान खाली घातली.

"चौसष्ट सवाल इचारले तू मले," चतुराबाई म्हणली. "अर्धी दुपार गेली माही. चुल्हा कोनता, मोबाईल कोनता, मत कोनाले. हा एक सवाल काहून नाही इचारला?"

 बाहेर गल्लीत माणसं जमत असल्याचा आवाज येऊ लागला होता, आन ती अंगणात जायले उठून पदर सावरत होती.